‘अंगावर जातं’ : एका क्रियापदामागून बोरीवली ते मुलुंड

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना सवय आहे ती किल्ल्यांची, आडवाटेच्या देवळांची आणि वाटेत मी हाणलेल्या पिठलं-भाकरीची. त्यामुळे यंदाचा मुक्काम मुंबईची उपनगरं, असं जाहीर केल्यावर पहिला टोला घरातूनच आला. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अंधेरीत बघण्यासारखं काय आहे? ट्रॅफिक?"

बघण्यासारखी होती शुभदा. माझी साताऱ्यातली वर्गमैत्रीण, जन्मभर मुंबईत नर्स म्हणून राबली आणि निवृत्त झाल्यावर महिनाभरही घरी बसली नाही. आता ती एका संस्थेसाठी चाकांची निळी पेटी ओढत उपनगरांतल्या शाळांमध्ये जाते. पेटीत एक टॅब, त्याला तारेनं जोडायचा स्टेथोस्कोप, कान आणि घसा बघायचा अंगठ्याएवढा कॅमेरा, ताप मोजायचं यंत्र, बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासायचं आणखी एक यंत्र. आजारी मूल टॅबसमोर बसतं आणि अंधेरीत बसलेला डॉक्टर त्याला तपासतो.

"म्हणजे टीव्हीतला डॉक्टर?" मी फोनवर विचारलं.

"ये आणि बघ. नाहीतरी तुला भटकायला निमित्तच लागतं."

निमित्त मला लागत नाही, पण मिळालं तर मी सोडत नाही. पिशवी भरली आणि निघाले.

साताऱ्याहून बोरीवलीला थेट एसटी आहे. सकाळची पकडा आणि डब्यात घरचं काहीतरी घ्या, कारण गाडी जिथे थांबते तिथला वडा आदल्या दिवशीचा असतो आणि भाव मात्र उद्याचा. घाटापर्यंत प्रवास मजेचा आहे. मुंबईत शिरल्यावर मात्र शेवटचा टप्पा आधीच्या सगळ्या प्रवासाला पुरून उरतो. शेजारच्या काकूंनी तेवढ्यात अख्खी मेथीची जुडी निवडून घेतली.

शुभदाची सोसायटी बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाला टेकून. लिफ्टशेजारी दोन सूचना शेजारी शेजारी लावल्या होत्या. एक, अंधार पडल्यावर लहान मुलांना खाली एकटं सोडू नये, बिबट्याचा वावर आहे. दुसरी, नवरात्रीच्या गरब्याची वर्गणी लवकर द्यावी. गुजराती शेजारणीनं पाठवलेली खांडवी आणि शुभदाचं थालीपीठ एकाच ताटात आलं, आणि मुंबईबद्दलचा माझा अर्धा राग तिथेच विरघळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी अंधेरीला गेलो, कारण टीव्हीच्या आतली बाजू मला आधी बघायची होती. बोरीवलीहून हमरस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. जरूर बसा. खिडकीतून एका बाजूला डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला इमारतींच्या गच्च्यांवरची वाळवणं, आणि खाली तुंबलेल्या गाड्या बघून आपण फार शहाणे आहोत असं उगीच वाटतं.

संस्थेची जागा म्हणजे एका जुन्या इमारतीतली लांबट खोली. लाकडी आडोसे घालून केलेल्या कप्प्यांत तीन डॉक्टर कानाला हेडफोन लावून बसलेले. शुभदाच्या शाळा ज्याच्याकडे आहेत तो डॉक्टर मिहीर अगदी तरुण. स्क्रीनकडे इतका वाकून बोलतो की कपाळ काचेला लागेल. एका मुलीच्या पोटात दुखत होतं. तो तिला विचारत होता, "कसं दुखतं? कळ येते, मुरडा येतो, की नुसती जळजळ?"

मी म्हटलं, "तुमचं मराठी चांगलं आहे हो."

"घरी मराठीच आहे. शाळा इंग्रजी," तो हसला. "कळ आणि मुरड्यातला फरक शुभदाताईंनी शिकवला. मला इथून पेशंटला हात लावता येत नाही ना, मावशी. पोट दाबून बघता येत नाही. मग उरतात ते शब्द. पेशंट काय बोलतो, त्यावरच माझी अर्धी तपासणी."

हे वाक्य मला छान वाटलं म्हणून मी वहीत लिहून घेतलं. ते किती खरं आहे हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिसरा दिवस बोरीवलीतल्याच एका मराठी शाळेत गेला आणि तो निव्वळ करमणुकीचा होता. टॅबवर डॉक्टरचा चेहरा उमटला की अख्खा वर्ग उभा राहून "एऽक साऽथ नमस्ते" म्हणतो. डॉक्टरलाही बिचाऱ्याला उठून नमस्ते करावं लागतं. दुसरी गंमत अशी, की मोठ्या माणसानं विचारलं की ‘हो’ म्हणायचं, हे पोरांच्या अंगात भिनलेलं. "डोकं दुखतं?" हो. "पोट दुखतं?" हो. "गुडघा?" हो! शेवटी डॉक्टरनं विचारलं, "शेपूट दुखतं?" पोरगा "हो" म्हणून गेला आणि मग स्वतःच खिदळत सुटला. घसा तपासताना डॉक्टर म्हणाला, "आ कर," तर दारात जमलेल्या सगळ्यांनी आ केला. त्या दिवशी तपासलेल्यांपैकी दोघांच्या कानात मळ होता, एकीला चष्मा लागणार होता, आणि एकाला फक्त गणिताचा तास चुकवायचा होता. त्यालाही डॉक्टरनं नीट तपासलं.

जेवणाच्या सुट्टीत मी शुभदाला म्हटलं, "मजा आहे तुझी."

"उद्या घाटकोपर आहे," ती म्हणाली. "पायात चांगल्या चपला घाल."

घाटकोपरला जायला अंधेरीला मेट्रो बदलायची, पुलावरून थोडं चालायचं आणि दुसरी मेट्रो धरायची. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला डोंगरावरची शाळा म्हटलं की तो आधी पेटीकडे बघतो आणि मग, "आधा छोडेगा, आगे रोड नही है," असं बजावून मीटर टाकतो. तिथून पुढे चढण. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये एकामागून एक पायऱ्या, निळी पिंपं, दारात वाळत घातलेले युनिफॉर्म. मी गडावर चढणारी बाई, पण शुभदा माझ्या पुढे होती आणि पेटी तिच्या हातात होती. वाचकांपैकी कुणाला जायचं झालं तर शाळेची आधी परवानगी काढा आणि मुलांचे फोटो काढू नका. आम्ही माणसं बघायला गेलो होतो, देखावा नव्हे.

शाळेनं आम्हाला खेळाच्या सामानाची खोली दिली होती. एका भिंतीला लेझमी टांगलेल्या, दुसरीला कबड्डीची ढाल. तिथले गायकवाड सर पीटी शिकवतात. दणकट गडी, आवाज मैदानाच्या पलीकडे जाणारा, पण त्या दिवशी हळू बोलत होते.

"मॅडम, एक मुलगी आधी बघा. नववीतली आहे. आमच्या टीमची चढाई करणारी पोरगी, एक नंबर. यंदा काय झालंय कळत नाही, प्रार्थनेला उभी राहिली की पडते. महिन्यातून आठवडाभर येतच नाही. आणि आज तिची आई दाखला काढायला आली आहे. गावाला पाठवतायत. मी म्हटलं, द्या ना दाखला, पण आधी डॉक्टरांना दाखवा. तेवढं माझं ऐकलं त्यांनी."

मुलीचं नाव मी बदलते आहे, तिला तन्वी म्हणू. हे सगळं लिहायला तिची आणि तिच्या आईची परवानगी आहे. तन्वी उंच, रुंद खांद्यांची, आणि ओठ पांढुरके. स्वेटर कमरेला गच्च बांधलेला. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, मूळची देवगडकडची. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखल्याचा अर्ज. खुर्चीच्या टोकावर बसली होती, जणू बस सुटेल.

शुभदानं नेहमीप्रमाणे तन्वीच्या बोटाला सुई टोचून थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि दुसऱ्या बोटाचा थेंब घेऊन पुन्हा बघितलं. आकडा तोच आला असावा, कारण या वेळी तिनं तो डॉक्टरसाठी टॅबवर नोंदवला. दोन्ही बोटांवर कापूस दाबायला दिला. तेवढ्यात टॅबची बॅटरी लाल दाखवायला लागली. खोलीत प्लग चालत नव्हता. "तुम्ही सुरू करा, मी ऑफिसातून वायर आणते," म्हणून ती गेली. खोलीत उरलो चौघं. तन्वी, तिची आई, गायकवाड सर आणि लेझमींखाली बाकावर मी.

स्क्रीनवर मिहीर आला. "नमस्कार. बोला मावशी, काय होतंय हिला?"

आईनं पदर सावरला. सरांकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "हिच्या अंगावर फार जातं."

मिहीर पुढे वाकला. "काय म्हणालात?"

"अंगावर जातं ओ. खूप."

स्क्रीनवरचा चेहरा बदलला. "कोण जातं?"

आई गोंधळली. "कोण म्हणजे?"

"घाबरू नका मावशी. इथे तुम्ही सुरक्षित आहात. कोण हिच्या अंगावर जातं? घरातलं कुणी आहे का? नाव सांगा मला."

"नाव? कुणाचा नाव?"

"जो अंगावर जातो त्याचं."

गायकवाड सर ताडकन उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, आमच्या शाळेत असलं काही नाही हां! मी गॅरंटी देतो."

"सर, तुम्ही प्लीज बाहेर थांबा," मिहीर कडक आवाजात म्हणाला. "तन्वी, तू बोल बाळा. कुणी त्रास देतं का? मारतं? हात लावतं?"

तन्वीनं आईकडे बघितलं, आईनं तन्वीकडे. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रडती पोरगी बघून मिहीरचा संशय पक्का झाला असणार. आईनं पिशवी उचलली आणि उठली. "चल गो. नको आपल्याक ह्या. भलताच काय काय इचारतत."

ती दाराकडे वळली आणि मला पुढचं सगळं लख्ख दिसलं. ती आता दाखला घेणार, पोरीला गाडीत बसवणार, आणि हा विषय पुन्हा कुठल्याही डॉक्टरसमोर काढणार नाही. मी पाहुणी होते, मला मध्ये बोलायचा काडीचा अधिकार नव्हता. पण साताऱ्याच्या बाईला अधिकार लागतोच असं नाही.

"अहो डॉक्टर!" मी बाकावरून ओरडले. "पाळीचं म्हणतायत त्या! पाळीत रक्त जास्त जातं, त्याला अंगावर जाणं म्हणतात! कुणी जात नाहीये कुणाच्या अंगावर!"

गायकवाड सर दारात एक पाय बाहेर, एक आत असे उभे होते. ते कानापर्यंत लाल झाले आणि दुसरा पायही बाहेर घेऊन दार लावून गेले. मिहीरनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग हात काढले, उठून उभा राहिला आणि स्क्रीनमधून आईला हात जोडले.

"मावशी, माझं चुकलं. मला हा शब्द माहीत नव्हता. बसा ना. प्लीज."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. ती बसली. मला वाटतं, तिला माझ्यापेक्षा त्याच्या जोडलेल्या हातांचं बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, मराठी घरात वाढलेल्या डॉक्टरला एवढं कळू नये? पण विचार करा, कळणार कसं? हा शब्द आपण बायका बायकांतच बोलतो, तोही आवाज उतरवून. घरातला मुलगा खोलीत आला की वाक्य तिथेच तुटतं. तो मोठा होऊन डॉक्टर होतो आणि पुस्तकातले सगळे शब्द शिकतो, फक्त त्याच्या आईनं गिळलेला तेवढा राहतो.

मिहीर पुन्हा काचेला कपाळ लावून बसला. आता तो सावकाश विचारत होता. किती दिवस जातं, गाठी पडतात का, रात्री कपडे भिजतात का. तन्वी मान हलवत होती. मध्येच तो थांबला.

"तन्वी, तो कापूस अजून का धरलायस?"

आम्ही सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. सुई टोचून बराच वेळ झाला होता. आदल्या दिवशीची पोरं मिनिटभरात कापूस एकमेकांना मारून खेळत होती. तन्वीचे दोन्ही बोळे लाल होते आणि ती ते गुपचूप दाबून बसली होती, तिला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

"थांबत नाही लवकर," ती म्हणाली. "माझं असंच असतं."

मिहीरचा आवाज एकदम हलका झाला. "नाकातून रक्त येतं कधी?"

"घोळणा फुटतो ना हिचा," आई म्हणाली. मिहीरनं माझ्याकडे बघितलं. मी नाकाला बोट लावून दाखवलं. तो म्हणाला, "हां, समजलं."

"आणि मावशी, घरात आणखी कुणाचं असं? तुमचं?"

"आमच्याकडे सगळ्या बायकांचं असंच जातं," आई सहज बोलून गेली. "माझं पण. आईचं पण होतं. त्यात काय सांगायचं? बायकांचं असतंच." मग पिशवीची गाठ सोडत-बांधत ती म्हणाली, "माझी थोरली बहीण तर त्यातच गेली. बाळ पंधरवड्याचं पण नव्हतं पुरतं. विहिरीवरून कळशी उचलून आणली, म्हणून अंगावर गेलं. थांबलंच नाही."

शुभदा वायर घेऊन दारात उभी होती. तिनं ते शेवटचं ऐकलं. मिहीरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"मावशी," तो म्हणाला, "काही घरांत रक्त थांबवायला जे लागतं ते जन्मापासूनच कमी असतं. बायकांत ते पाळीत आणि बाळंतपणात कळतं. हिला तेच असेल असं मी आज म्हणणार नाही, मला फक्त शंका आहे. पण तिचं रक्त फार कमी झालंय, आणि हे असतंच असं नाही. यावर औषध आहे. आज दाखला काढू नका."

"रविवारची गाडी आहे," आई म्हणाली. "तिकडे माझी जाऊ बघेल हिचं. इथे शाळेत मुली हसतात. गेल्या महिन्यात स्कर्टला लागलं, सगळ्यांनी बघितलं. मी पोळ्या टाकून कितीदा धावत येऊ? काय सांगू तुमका..."

तेव्हा तन्वी पहिल्यांदा आपणहून बोलली. कमरेचा स्वेटर मुठीत धरून, स्क्रीनकडे नाही, आईकडे बघून. "आई, मला दाखला नको."

आईनं पिशवीतला अर्ज काढला नाही, फाडला नाही, काही नाही. पिशवीची गाठ मारली आणि शुभदाला विचारलं, "कुठल्या दवाखान्यात जायचं?"

त्या दुपारी शुभदा त्या दोघींना घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. मी पेटी घेऊन डोंगर उतरले. खाली गायकवाड सरांनी चहा पाजला. ग्लास हातात फिरवत ते म्हणाले, "मॅडम, मी तिला सांगत होतो, खजूर खा, दूध पी. स्टॅमिना कमी पडतोय म्हणत होतो. मला काय यार, सांगणार कोण?" त्या ‘यार’बद्दल त्यांनी लगेच माफी मागितली. मला तर तो दिवसभरातला सगळ्यात खरा शब्द वाटला.

मुलुंडला दुसऱ्या दिवशी रिक्षानं गेलो. तो रस्ता ठिकठिकाणी उकरलेला आहे, मान सांभाळून बसा. मुलुंडमध्ये झाडं जास्त, आवाज कमी, आणि शाळेसमोरच्या गाडीवरचं उकडलेल्या शेंगांचं पुडकं अजिबात चुकवू नका. शाळेत सातवीतल्या निम्म्या पोरांचे डोळे आले होते. टॅब लावल्या लावल्या मिहीर म्हणाला, "शुभदाताई, मुलांना बोलवायच्या आधी पाच मिनिटं. आणखी काय काय शब्द आहेत?"

मग आम्ही दोघी साठीच्या बाया त्या कोऱ्या चेहऱ्याच्या पोराला शिकवायला बसलो. अडचण आहे. बाहेर बसलीय. कावळा शिवला. पाहुणी आली. महिना आला. कावळ्यापाशी तो अडखळला. "कावळा? खरा कावळा?" शुभदा म्हणाली, "नाही रे बाबा, खरा शिवला असता तर नुसती आंघोळ करून भागलं असतं." आम्ही पोट धरून हसलो. हसताना मला रागही येत होता. एवढे शब्द आपण तयार केले, आणि सगळे एकच गोष्ट लपवायला.

संध्याकाळी साताऱ्याची वाट धरण्याआधी मी दवाखान्यात गेले. तन्वीला ठेवून घेतलं होतं, रक्त चढवत होते. ओठांना जरासा रंग आला होता. तिची आई पायाशी स्टुलावर बसली होती. तिनं मला मालवणी खाज्याची पुडी दिली, गावाहून आणलेली. पोरीनं विचारलं, "मावशी, तुम्ही किल्ल्यांवर जाता ना? मला चढता येईल?" मी म्हटलं, औषध घे, मग अजिंक्यताऱ्यावर शर्यत लावू. उठताना मी म्हणाले, "चला, जाते मी." आई पटकन म्हणाली, "जाते म्हणू नये ताई. येते म्हणावं." आमची आजीही असंच टोकायची. मी "येते" म्हणून निघाले.

घरी येऊन आता बरेच आठवडे झाले. यांनी विचारलं, काय बघितलंस? मी खाज्याची पुडी पुढे केली. तुमच्यासाठी मुद्द्याचं सांगायचं तर असं. मेट्रोचं कार्ड घ्या, पावसाळा टाळा, बोरीवलीत खांडवी खा. आणि कुठल्याही गावी, कुठल्याही डॉक्टरसमोर, तो काचेच्या आत असो की बाहेर, आवाज न उतरवता बोला. मुलग्यांसमोरही बोला. मी माझ्या मुलाला फोन करून हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो "आई, मी मीटिंगमध्ये आहे" म्हणाला. मी म्हटलं, असू दे, ऐक.

हे लिहून ठेवलं होतं, टाकायचं बाकी होतं. तेवढ्यात काल तन्वीच्या आईचा फोन आला. तपासण्या दोनदा झाल्या, डॉक्टरांची शंका खरी निघाली. रक्त नीट न गोठण्याचा घराण्यातून येणारा विकार. तन्वीला गोळ्या आहेत, आणि पुढे कधी ऑपरेशन, बाळंतपण आलं तर आधीपासून काळजी घ्यायची. आईचंही रक्त तपासलं, तिलाही तेच आहे. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग थांबली.

"ताई, एक सांगू? कुणाक सांगूक नाय मी कधी."

"सांगा की."

"त्या दिवशी पाणी आणायची पाळी माझी होती. पण मी बाहेर बसलेले. माझं असंच जायचं, उठवायचं नाही, आणि विहिरीला शिवायचं पण नाही. आई शेतात. म्हणून बहीण म्हणाली, तू पड, मी जाऊन येते." तिचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता. "सगळे म्हणाले, कळशी उचलली म्हणून गेली. माझं नाव कुणी घेतलं नाही. पण मला माहीत होतं ना, कळशी कुणाची होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परवा त्या पोराला विचारलं मी. मिहीर डॉक्टरला. टॅबवर. कळशीनं होतं का हो असं? तो म्हणाला, नाही मावशी. कळशी उचलली नसती तरी गेलं असतं. दोनदा विचारलं मी. दोनदा नाही म्हणाला."

ती रडत होती. मीही रडले, आणि ते लपवलं नाही. डोळे पुसून मी विचारलं, "तन्वी कुठंय?"

"शाळेत गेलीय," ती म्हणाली. "येईल आता."